डब्यातला बटाटा

"बघ मने, कुठं तुटलंय काय?" आईच्या खाटेवर टेकून बटाटा सोलत आबांनी लांबलचक सलग साल तिच्यापुढे धरली. सोलायला त्यांना पापणी लवण्याएवढाच वेळ लागायचा. बेळगावच्या कॅम्पातल्या लष्करी मेसमध्ये सव्वीस वर्षं त्यांनी दुसरं केलंच काय होतं! अजूनही बटाटा सोलताना साल तुटली की मला चुकल्यासारखं वाटतं.

साल आईच्या हातात देऊन ते लगबगीनं स्वयंपाकघरात आले. सोललेला बटाटा माझ्याकडे सरकवला आणि फळीवरचा डबा काढला. गरम दुधात चार चमचे बटाट्याची पूड, चिमूटभर मीठ, वर तूप. दोन मिनिटांत मऊसूत बटाटा तयार.

ते एकोणऐंशी साल. आईच्या घशाचं दुखणं वाढलं होतं. कुस्करलेल्या बटाट्याची गुठळीसुद्धा अडकायची. ही पूड मात्र अलगद उतरायची, आणि दुधातून दिली तर अंगी लागेल, असं डॉक्टरही म्हणाले होते. पण आई खानापूरकडची, बटाटा पिकवणाऱ्या घरातली. मेसमधल्या मष्णूकाकांनी डबा आणून दिला तेव्हाच तिनं तोंड फिरवलं होतं. "उपाशी मरन, पर डब्यातलं खायची न्हाय!"

म्हणून हे रोजचं नाटक. सोललेल्या बटाट्यांची भाजी आमच्या पानात. दोन महिने, दोन्ही वेळा! धाकटा शामू तर रडकुंडीला आला होता.

एकदा आबा दळण आणायला गेले होते. वाटी संपवून आई म्हणाली, "जये, तुमच्या पानात रोज बटाटं असत्यात न्हवं?"

"व्हय."

"मग माझ्या वाटीत कुठलं येतंय गं?"

मी घाईघाईनं रिकामी वाटी उचलली. आई हसली.

"त्येस्नी सांगू नको. उभ्या जन्मात माझ्याजवळ कवा बसलं न्हाईत. आता सोलायच्या निमतानं दोन मिनटं का हुईना, टेकत्यात."

दिवाळीच्या आत ती गेली. दिवसकार्य उरकल्यावर आबांनी उरलेला डबा माझ्यापुढे ठेवला.

"शेवटपतूर फसवलो मी तिला, जये. त्येच लई लागलंय जीवाला."

मला राहवलं नाही. आईनं सांगू नको म्हटलं होतं, तरी सगळं सांगून टाकलं.

आबांनी रिकाम्या खाटेकडे बघितलं. मग बुट्टीतला एक बटाटा उचलून त्यांनी हातात नुसता फिरवला.

"मला काय म्हाईत," ते म्हणाले. "सावकाश सोललो असतो की."