इथपर्यंतचा बाबा

जहाजावरचा वेल्डर सुट्टीवर घरी आला त्याला आज तिसरा दिवस होता, आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाने त्याला अजून घरात घेतलेलं नव्हतं.

बाकीच्यांची काही तक्रार नव्हती. बायकोने दारातच मिठी मारली होती. मुलाने बॅग हिसकावून तिथल्या तिथे उघडली होती. शेजारच्या आजींनीसुद्धा दार किलकिलं करून "किती वाळलास रे!" म्हणत आपलं कर्तव्य पार पाडलं होतं. अडून बसली होती ती फक्त फुगी. रुसली की गाल फुगवायची म्हणून फुगी, आणि चार वर्षांच्या माणसाला रुसायला कारण लागतंच असं नाही.

एरवी दोघांचं गूळपीठ होतं. फोनवर तो विचारायचा, "फुगीबाई आहेत का घरी?" आणि इकडून ठसक्यात उत्तर जायचं, "नाहीत! बाजारात गेल्यात!" मग दोघंही पोट धरून हसायची. हा एकच विनोद महिनोन्‌महिने चालला होता, आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आला नव्हता. म्हणून त्याने दारात पाऊल टाकताच तीच हाक घातली. पण इंजिनरूमच्या गोंगाटावर मात करायची सवय झालेला तो गळा! फुगीने वर पाहिलं, चांगलंच वर पाहावं लागलं, आणि भोकाड पसरून ती आईच्या मागे दडली. जेवताना तिने आईच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हा माणूस जेवून जाणार ना?"

सगळे हसले. तोही हसला. पण पुढची पोळी त्याने नको म्हटली.

तशात आज मुलांच्या सुट्टीचा पहिला दिवस होता, म्हणजे बिस्किटांचा दिवस. हा या घराचा शिरस्ता. पीठ मळायचं, लाटायचं आणि घरातल्या माणसांच्या आकाराची बिस्किटं करायची. आपण आपल्याला करायचं नाही, दुसऱ्याने करायचं. मग भाजून, रंगवून, संध्याकाळी सगळे जमले की खायची. नेमकी यंदा आईची इस्पितळात दिवसाची पाळी होती.

"लोणी बाहेर काढून ठेवलंय," नर्सच्या पांढऱ्या बुटांच्या नाड्या बांधत ती म्हणाली. "ओव्हनपाशी तू थांब, मुलांना जाऊ देऊ नकोस. बाकी सगळं मास्तरला माहीत आहे."

मास्तर म्हणजे थोरला मुलगा. तिसरीत होता, पण मुख्याध्यापक झाल्यासारखा वागायचा.

"आणि हिचं काय?" वेल्डरने आवाज खाली आणून विचारलं. फुगी दाराला धरून उभी होती, गाल फुगलेले.

"घाबरतोस काय एवढा? ती काय तुला खाणार आहे?" बायको म्हणाली आणि पसार झाली.

मास्तरने लगेच कारभार हाती घेतला. कुणाच्या वाटचं काय करायचं ते त्याने जाहीर केलं. तो स्वतः आई करणार, बाबा फुगीला करणार, फुगी बाबाला करणार.

"आणि तुला कोण करणार?" बाबाने विचारलं.

"मला पण तू कर. मला टोपी पाहिजे. आणि टोपीला पुढे ते असतं ना, ते पण पाहिजे."

वेल्डरने लोणी आणि साखर घोटली, अंडं फोडलं, त्यात पडलेलं टरफल बोटाने काढलं आणि मास्तरची नजर चुकवून बोट पुसलं. मैदा घालून गोळा मळला. लाटायची वेळ आली तसा त्याच्या अंगात कारागीर संचारला. खणातून त्याने आपली पोलादी पट्टी आणली, धुतली आणि पिठाची जाडी जागोजागी मोजायला लागला.

"बाबा, बिस्किट आहे ते," मास्तर म्हणाला. "जहाज नाहीये. बुडत नाही."

"जाडी सारखी नसली तर एकीकडे करपतं, एकीकडे कच्चं राहतं."

मास्तरने यावर जरा विचार केला आणि मान डोलावली. फुगी स्टुलावर पाठमोरी होऊन कामाला लागली होती. तिने कुणाला काही विचारलं नाही, पट्टी मागितली नाही. जीभ बाहेर काढून, बोथट सुरीने तिचं कापणं चाललं होतं. वेल्डर आपला मास्तरच्या टोपीवर काम करत होता, पण त्याचा अर्धा जीव त्या पाठीत अडकला होता. आपल्याला कसं करते आहे ही? उंच? जाडा? मिशी दाखवेल का? माणसाला आपला फोटो कसा आला याची कधी एवढी काळजी वाटली नसेल.

शेवटी ती बाजूला झाली. ट्रेवर एक चौकोन होता. उभा जास्त, आडवा कमी, कोपरे बोटाने गोल केलेले. वरच्या भागात दोन मनुकांचे डोळे आणि खाली एक वाकडं तोंड. एवढंच.

"हे काय आहे?" त्याने हळूच विचारलं.

उत्तर त्याला नाही, मास्तरला मिळालं. "बाबा आहे."

"ए वेडाबाई, हा तर फोन झाला!" मास्तर खिदळला. "बाबाला हात कुठायत? पाय कुठायत?"

"बाबाला नसतात पाय," फुगी शांतपणे म्हणाली. तिने आपल्या छातीवर आडवा हात ठेवला. "बाबा इथपर्यंतच असतो."

 ओव्हन तापलाय का ते बघायच्या निमित्ताने वेल्डरने पाठ फिरवली. त्याला पोरीचा राग आला नाही, राग यावा असं तिने काय केलं होतं? तिने बाबा जसा पाहिला तसा केला. साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये तो रोज छातीपर्यंत यायचा, हसायचा, पापे द्यायचा आणि विझायचा. बाकीचा बाबा तिने पाहिला होता कुठे? मागची सुट्टी लक्षात राहण्याइतकी ती तेव्हा मोठी नव्हती. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्याने ट्रे आत सरकवला.

उरलेल्या पिठाचे मास्तर सजावटीसाठी तारे पाडत होता. त्याच्या कोपराचा धक्का लागून मनुकांची वाटी उलटली आणि मनुका टेबलाखाली गडगडल्या. फुगी स्टुलावरून उतरून त्यांच्यामागे गेली. मनुका वेचायच्या म्हणजे अर्ध्या खायच्या, हे तिचं गणित होतं.

वेल्डर टेबलाशी उभा होता. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की खालचा चघळण्याचा आवाज थांबला आहे. आपल्या उजव्या मोज्याला भोक आहे हे त्याला आत्ता आठवलं. बायकोने सकाळीच बोलून दाखवलं होतं. त्या भोकातून अंगठा सबंध बाहेर आला होता.

त्याने अंगठा हलवला.

 खालून एक चिमुकलं बोट आलं, अंगठ्याला टोचून पटकन मागे गेलं. अंगठा घाबरल्यासारखा आत दडला आणि हळूच पुन्हा बाहेर डोकावला. टेबलाखाली कुणीतरी फिस्सकन हसलं.

 वाकून बघावं असं वेल्डरला फार वाटलं, पण तो वाकला नाही. जागचा न हलता, इंजिनरूमचा आवाज पार गुंडाळून ठेवून, त्याने अगदी हळू विचारलं, "फुगीबाई आहेत का घरी?"

मास्तरने तोंड उघडलं. बाबाने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

"नाहीत," टेबलाखालून आलं. मग जरा थांबून, ठसक्यात, "बाजारात गेल्यात!"

"बाजारातून काय आणणार आहेत?"

"मोजे!"

आता मात्र तिघंही हसली. मास्तर तर एवढा हसला की त्याला ठसका लागला. फुगी रांगत बाहेर आली आणि खालपासून वर अशी त्याच्याकडे बघायला लागली: मोजे, विजारीला लागलेला मैदा, अॅप्रन, हनुवटी. हनुवटीपाशी आल्यावर तिला ओळख पटली असावी. शोध लागल्यासारखी ती म्हणाली, "तू पूर्ण आहेस!"

"हो," तो म्हणाला. 

"मग पाय करायला पाहिजेत."

पण पीठ कुठे होतं? चौकोन तर आत भाजत होता, तारे पाडून परात लख्ख झाली होती, आणि फुगीचे गाल फुगायला लागले. मास्तरने एकदा तिच्याकडे, एकदा ताऱ्यांकडे पाहिलं. त्यांतले सगळ्यात सुबक दोन त्याने उचलले, तळहातावर चुरगळले आणि तिच्यापुढे ठेवले. "घे. तशीही त्यांची पाच टोकं बरोबर आली नव्हती," तो म्हणाला. हे साफ खोटं होतं, आणि वेल्डरला त्या क्षणी आपल्या मुख्याध्यापकाचा फार अभिमान वाटला.

पाय वळले गेले, वेगळे भाजले गेले. उजव्या पायाला फुगीने एक मोठा अंगठा काढला. आता प्रश्न जोडायचा. पण तो या घरात कसला प्रश्न!

"लांब व्हा," वेल्डर म्हणाला. "वितळलेली साखर चटकन भाजते. आणि डोळे सांभाळा."

मास्तर धावत जाऊन आईचा उन्हाचा चष्मा घेऊन आला. तो बाबाच्या नाकावर चढला. मुलांनी हातांच्या दुर्बिणी केल्या. छोट्या पातेल्यात साखर वितळली, सोनेरी झाली. वेल्डरने चमच्याच्या टोकाने एक रेघ चौकोनाच्या कडेला ओढली, चिमट्याने पाय धरून टेकवला आणि श्वास रोखून थांबला. मग दुसरा. उभ्या आयुष्यात त्याने लहानमोठे किती सांधे जोडले असतील, पण असा जीव मुठीत धरून नाही.

"झालं. आता पक्कं."

"आता चालेल तो?" फुगीने विचारलं.

"चालेल की! कुठंही चालत जाईल."

"जहाजावर जाईल," मास्तर म्हणाला. "सुट्टी संपली की बाबा जातोच."

 फुगीने पिठीसाखर, लिंबाचा रस आणि निळा रंग कालवून केलेलं आयसिंग घेतलं आणि पायांना निळे मोजे रंगवले. अंगठ्यापाशी जागा सोडली. मग रंगाची बोटं बाबाच्या अॅप्रनला पुसली, आपल्या माणसाच्या अॅप्रनला पुसावीत तशी.

संध्याकाळी आई दमून आली, पण बिस्किटं पाहून तिचा शीण कुठल्या कुठे गेला. मास्तरने केलेल्या आईच्या हातात तिच्याएवढं इंजेक्शन होतं. बाबाने केलेली फुगी मोजूनमापून इतकी नेटकी झाली होती की कुणाला ओळखूच आली नाही, शेवटी त्याने गालांवर आयसिंगचे दोन गोळे थापले, तेव्हा कुठे ती फुगी दिसली. मोजे घातलेला चौकोन आईने बराच वेळ बघितला, नवऱ्याकडे बघितलं आणि काहीच न विचारणं पसंत केलं.

खायची वेळ आली. बाबाचं बिस्किट फुगीने कुणाला हात लावू दिलं नाही. सगळे डोक्याकडून सुरुवात करतात. आईचं डोकं मास्तरच्या तोंडात गेलं, मास्तरची टोपी आईच्या. फुगीने मात्र बिस्किट उलटं धरलं. कडकन एक पाय, कडकन दुसरा. दोन्ही गालांत दोन पाय कोंबून ती जिवाच्या कराराने चावायला लागली.

"अगं ए!" मास्तर ओरडला. "माझे तारे होते ते! आणि जोडायला किती वेळ लागला! बाबाला आता परत पाय नाहीत!"

"नकोतच," फुगी भरल्या तोंडाने म्हणाली. "पायांनीच जातो तो."

 आईने पदार्थ चांगला झालाय असं काहीतरी पुटपुटून डोळ्यांना हात लावला.

फुगीने उरलेला चौकोन साखरेच्या डब्याला टेकवून नीट उभा केला. मग ती खुर्चीवरून उतरली, टेबलाखाली शिरली आणि खऱ्या बाबाच्या दोन्ही पायांवर फतकल मारून बसली. उजवा अंगठा तिने मुठीत घट्ट धरला.

"फुगीबाई आहेत का घरी?" त्याने वरून विचारलं. 

"आहेत," खालून उत्तर आलं.

थोड्याच वेळात त्याच्या पायांना मुंग्या आल्या. तो हलला नाही.