उल्हासची ठासणीची बंदूक

उल्हास परुळेकरनं ठासणीची बंदूक विकत घेतली हे कळल्यावर अमेरिकेतल्या श्रूजबरीतली मराठी मंडळी पोट धरून हसली. सुमंत तेवढा हसला नाही. दोघंही कुडाळचे, एका बाकावर बसून शिकलेले. उल्हासच्या वडिलांकडे रानडुकरांसाठी अशीच बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, मग बार काढायचा. पोराला ते तिला हातही लावू देत नसत. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात ते गेले. नोव्हेंबरात उल्हासनं पेपरातली जाहिरात बघून एका म्हाताऱ्याकडून ही जुनी बंदूक आणली.

बाहेरून ती लखलखीत होती. पण नळीच्या मागच्या टोकाला आट्यांनी बसवलेलं बूच सुमंतनं पान्यानं फिरवून पाहिलं, तर ते जागचं हलेना.

"आत गंज धरलाय, आटे खाल्ले असतील त्यानं. बनवणाऱ्या कंपनीला फोन कर," तो म्हणाला.

"सेकंडहँड आहे यार. वॉरंटी असते पहिल्या मालकाला."

"विचारायला काय जातं?"

"नाही म्हणतील. कशाला ऐकून घ्यायचं?" उल्हासनं बंदूक फडक्यानं पुसली. "शिकारीचा सीझन संपला की बघू."

उल्हासला कुणाकडे काही मागायचं म्हणजे संकट वाटे. सुमंतनंही मग विषय ताणला नाही.

शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर सुमंत त्याच्यासोबत गेला. पहिले बार नीट निघाले. उल्हासचा चेहरा फुलला होता. "बाबांना दाखवायला हवी होती रे," असं म्हणत त्यानं पुन्हा दारू ठासली. पुढच्या बाराचा आवाज वेगळाच आला. धूर विरला तेव्हा उल्हास पाठीवर पडला होता. बूच मागे उडून त्याच्या कपाळात शिरलं होतं. वूस्टरच्या हॉस्पिटलात त्याला नेलं, पण शुद्ध काही आली नाही. त्याची बायको सुवर्णा त्याचा हात धरून बसली होती, तो हात तसाच थंड झाला.

दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी सुमंतनं ऑफिसच्या पार्किंगमधून कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई अगत्यानं बोलली. मालक कितवा हे आम्ही विचारत नाही, ती म्हणाली. बंदूक पाठवा, तपासू, बूच खराब असेल तर बदलून देऊ, त्याचे पैसे पडत नाहीत. "पाठवताय का?"

"नको," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

संध्याकाळी तो सुवर्णाकडे गेला. तिनं चहा ठेवला, पण गॅस पेटवायचा राहून गेला.

"भावोजी, ती गंजाची गोष्ट पोलिसांनी सांगितली मला. कंपनीनं दुरुस्त करून दिली असती का हो?"

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं. पण लहानपणापासून ते त्याला जमलं नव्हतं.

"दिली असती वहिनी. फुकट."

सुवर्णा ओट्याकडे वळली.

"तुम्ही 'नसती दिली' म्हणायला हवं होतं," ती म्हणाली, आणि हॉस्पिटलात जे रडू आलं नव्हतं ते तिला आता आलं. सुमंत स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. आत जावं की निघावं, त्याला कळेना. शेवटी तो तिथंच जमिनीवर बसला.