गंगीच्या घरातली थंड शेगडी

मी एक शेगडी आहे. दोन बर्नरची, स्टीलची, गॅसवर चालणारी. चालणारी हे आपलं म्हणायचं. शेगडीच्या आत्मवृत्तात दूध उतू गेल्याचे आणि भाजी करपल्याचे चार प्रसंग तरी असावेत, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. माझ्याजवळ ते नाहीत. माझ्याजवळ आहे ती बरेच दिवस न पेटण्याची हकिकत.

कारखान्यात एका माणसाने माझी बटणं फिरवून पाहिली, मान डोलावली आणि मला थर्माकोलमध्ये बसवलं. मला वाटलं, एखाद्या नव्या नवरीच्या संसारात आपण जाणार. खोकं उघडलं तेव्हा समोर मांडव होता, माइक होता, आणि रांगेत बसलेल्या बायका होत्या. एकीच्याही चेहऱ्यावर लग्नाची कळा नव्हती.

मावळातल्या एका डोंगराच्या कुशीत आवळेवाडी नावाची वस्ती होती. आषाढातल्या एका सकाळी डोंगराचा कडा सुटला आणि वाडीतली वरच्या अंगाची घरं मातीखाली गेली. वाचलेल्यांना खालच्या गावाच्या गायरानात पत्र्याच्या शेड बांधून दिल्या. त्या वाचलेल्यांत गंगी होती. रानभाजीचं गाठोडं घेऊन ती पहाटेच लोणावळ्याच्या बाजाराला निघून गेली होती, म्हणून वाचली. नवरा कधीच वारलेला. घरात एकटी लेक होती, सुषमा. नववीत शिकत होती. बाकीची माणसं एकेक करून मातीतून काढली. सुषमा सापडली नाही. यंत्रं आली, जवान आले, वास काढणारी कुत्री आली. पाऊस थांबेना, माती सरकत राहिली, आणि शेवटी शोध थांबवल्याचं जाहीर झालं. थांबवला म्हणजे कोणी थांबवला? गंगीने तर थांबवला नव्हता.

त्या दिवसांत मदत फार आली. माणसाचं मन मोठं असतं आणि कपाट त्याहून मोठं असतं. उंच टाचांच्या चपला आल्या, नेकटाय आले, पोहण्याचे चष्मे आले. गेणू म्हाताऱ्याच्या वाट्याला जरीची शेरवानी आली. ती घालून तो शेळ्या वळायचा. शनिवार-रविवारी दरड बघायला थांबणारे पर्यटक त्याच्याबरोबर फोटो काढायचे.

मीही त्याच मदतीतली. पाहुण्यांनी मला एका बाजूने धरलं, गंगीने दुसऱ्या बाजूने. फोटो तीनदा काढला, कारण पहिल्या दोन्ही वेळा एका पाहुण्याचा फक्त हातच येत होता. माझ्या अंगावर देणाऱ्यांचं हसरं चित्र चिकटवलेलं होतं. "आता घरोघरी चुली पेटू द्या," असं पाहुणे भाषणात म्हणाले. टाळ्या झाल्या. गंगीने मला डोक्यावर घेतलं, शेडमधल्या फरशीवर ठेवलं, वर फडकं टाकलं आणि ती भिंतीला टेकून बसली.

शेजारच्या शेडमध्ये रतन राहायची. तीही आवळेवाडीचीच. तिची सासू गेली होती, पण सापडली होती. दिवस झाले, गोडाचं जेवण झालं. तिची शेगडी, म्हणजे माझीच बहीण म्हणायची, घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पेटली. फोडणीचा वास पत्र्याच्या फटीतून माझ्याकडे यायचा. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

गंगीचं म्हणणं सरळ होतं. घरात मयत झालं की चूल पेटवायची नाही, दिवस होईपर्यंत भाऊबंदांनी पिठलं-भाकर आणायची, ही रीत. दिवस झाले की चूल पेटते. पण सुषमाचे दिवस मोजायचे कुठून? सापडली नाही म्हणजे मेली नाही. मेली नाही म्हणावं तर घरात नाही. मग चुलीने काय करावं? थंड राहावं. आणि भाकर आणायला भाऊबंद कुठले? ते सगळे त्याच मातीत गेलेले.

तेव्हा खालच्या गावातली नंदाबाई उभी राहिली. घरची शेतीभाती असलेली, गावात वजन असलेली बाई. गंगी पूर्वी तिच्याकडे भातलावणीला जायची. तेव्हा गंगीला चहा अंगणात मिळायचा, आणि तिची कपबशी वळचणीला वेगळी ठेवलेली असायची. हे नंदाबाईला आठवत होतं की नाही, मला ठाऊक नाही. ती फडक्यात भाकरी बांधून आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "भाऊबंद न्हाईत म्हून काय झालं? आमी हाय की."

एवढंच. पुढे गावातल्या बायकांनी आपसात दिवस वाटून घेतले. मांडव नाही, माइक नाही. कुणाच्या भाकरीत मीठ जास्त, कुणाचं कालवण पाण्यासारखं; पण दुपार कधी उपाशी गेली नाही. गंगी ताट घ्यायची, खाली मान घालून खायची, ताट घासून परत द्यायची. दिवसा मजुरीला जायची. कामावर ती सगळ्यांसारखी असायची. घरात आली की चुलीकडे पाठ.

नंदाबाईचे गुडघे धरले की तिचा नवरा महिपती भाकर घेऊन यायचा. हा माणूस तोंडाचा फटकळ. दारात आला की सुरुवात.

"गंगे, तुज्या पायी या वयात मला डबेवाला केलाय बायकोनं."

"नगा येऊ मग, आबा."

"न्हाई आलो तर घरी मलाबी भाकर मिळत न्हाई. तू जेव, म्हंजी मी जेवतो."

मग तो उंबऱ्यावर बसून राहायचा. गंगीचं ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचा नाही. तोवर भाताचा भाव, तळेगावच्या कंपनीत कामाला असलेल्या मुलाची बायको कशी भाकऱ्या न करता ब्रेड आणते, असली गाऱ्हाणी चालायची. गंगी कधी कधी हसायची. या घरात तिचं हसू मी ऐकलं ते तेवढंच.

एकदा पुण्याहून स्नेहल नावाची मुलगी पाहणीला आली. चांगली होती बिचारी, घामाघूम झाली होती. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मावशी, गॅस आल्यामुळे धुराचा त्रास कमी झाला का?"

गंगीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "व्हय," ती म्हणाली, "धूर लय कमी झाला."

मुलगी समाधानाने पुढच्या शेडमध्ये गेली.

वर्ष उलटलं. सगळ्यांचं समजावून झालं. रतन एकदा धीर करून म्हणाली, "गंगे, गवताचा पुतळा करत्यात, त्याला अग्नी देत्यात. मग दिस करायचे. भटजी म्हनतो, चालतंय. करून टाक."

"गवताचा?" गंगी म्हणाली. "माजी पोर गवताची व्हती का?"

रतन उठून आपल्या शेडमध्ये गेली. पुन्हा तो विषय निघाला नाही.

मग एका दुपारी महिपती आला, ताट ठेवलं, आणि फडकं उचलून मला न्याहाळू लागला. "गंजायला लागली की ही. नळी चांगली हाय का बघू," म्हणत त्याने बटण फिरवलं. सुर्रकन आवाज झाला. त्याने लायटर उचलला. मी अंग सावरून बसले. मला वाटलं, आलीच आपली वेळ.

"आबा!" गंगी किंचाळली. "हात लावू नगा तिला!"

महिपतीने बटण बंद केलं. म्हातारा घाबरला होता. ताट रिकामं झाल्यावर उठला आणि जाताना म्हणाला, "बरं. तुला वाटंल तवा पेटीव. न्हाई वाटलं, नगं पेटवू. तवर आमच्या घरची भाकर हाय."

तो गेल्यावर गंगीने मला पुसायला घेतलं. गंज ओल्या काथ्याने घासला. घासता घासता ती बोलू लागली, माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे. "मीच सांगितलं व्हतं तिला. बाजारातनं येते तवर चूल पेटीव, भाकरी टाकून ठेव. न्हाईतर पोर साळंत जानार व्हती लौकर, मयतरनीबरूबर. चुलीम्होरंच बसली आसंल." तिचा हात थांबला. "दुसरं कुटं आसंल?"

तेव्हा मला कळलं की रीत वगैरे लोकांना सांगायला होती. घरात चूल पेटली की तिच्यापुढे सुषमा बसलेली असणार, आणि तिच्या डोक्यावर डोंगर. त्या दिवसापासून मी रतनच्या शेगडीचा हेवा करणं सोडून दिलं.

भाताची झोडणी चालू होती तेव्हाची गोष्ट. दुपारी महिपतीची वाट पाहत गंगी बसली होती. त्याच्याऐवजी रतन धावत आली.

"गंगे, महिपती आबा गेलं. खळ्यावरच. पेंढी उचलली आन् बसलं ते बसलंच."

रतन दाराशी उभी राहून रडत होती. बाहेर माणसं गावाकडे निघाली होती. गंगीही त्यांच्याबरोबर गेली. संध्याकाळी, सगळं उरकल्यावर, दोघी परत आल्या.

"नंदा मावशीकडं आज चूल न्हाई," गंगी म्हणाली.

"त्यांची भावकी हाय की मोठी."

"भावकी आसू दे. आपल्याकडनं जायाला पायजे."

"मग मी टाकते पिठलं-भात. तू घिऊन जा."

"न्हाई," गंगी म्हणाली. "माज्या घरातनं जायाला पायजे."

रतनने पीठ, तांदूळ, मिरच्या, तेल आणून दिलं. गंगी माझ्यापुढे बसली. लायटर हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. मग ती अगदी हळू म्हणाली, आपण झोपलेल्या माणसाला उठवतो तसं, "सुसे, मी पेटीवते गं."

आणि मी पेटले.

मला वाटत आलं होतं की पहिल्यांदा पेटताना शेगडीला आनंद होत असेल. तसं काही झालं नाही. निळी ज्योत उभी राहिली आणि गंगीने इतके दिवस जो हंबरडा आवरून धरला होता, तो बाहेर पडला. दीड वर्ष ती पोर कुठेतरी होती. मी पेटले आणि ती गेली. हे माझ्या हातून व्हायचं होतं. जिचा जन्मच पेटण्यासाठी, तिने याची तक्रार करू नये. पण त्या क्षणी कुणी मला विचारलं असतं, तर मी जन्मभर थंड राहायला कबूल झाले असते.

रडत रडतच तिने पिठलं ढवळलं. भात झाला. दोन्ही पातेली उतरवली. खाली ज्योत तशीच जळत होती. गंगी तिच्याकडे बघत बसली. बटणाकडे हात नेई आणि मागे घेई. शेवटी रतनने पुढे होऊन मला बंद केलं.

पुढचं मी पाहिलं नाही. ते रतनने दुसऱ्या दिवशी दारात बसून शेजारणीला सांगितलं, तेव्हा ऐकलं. गंगी पातेली घेऊन महिपतीच्या दारात गेली. सवयीने अंगणातच थांबली. घरात भावकीतल्या बायकांची चार ताटं आधीच आलेली होती. एक जण म्हणाली, "ठिव तितंच. बगू कुनीतरी खाईल."

आतून नंदाबाई भिंतीला धरून उठली. गुडघे दुखत असतानाही उंबऱ्यापर्यंत आली. गंगीच्या दंडाला धरून तिने तिला स्वयंपाकघरात नेलं. पातेल्यावरचं झाकण काढलं. वाफ आली.

"आत्ता केलंस?"

"व्हय."

"तुज्या घरी?"

"व्हय, मावशी."

नंदाबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. नवऱ्याचं मढं उचलताना ती रडली नव्हती. ती आता रडली. मग डोळे पुसून तिने ताट पुढे ओढलं. "वाढ," म्हणाली. आणि भावकीच्या देखत खाली मान घालून सगळं खाल्लं. पिठल्यात मीठ घालायचं राहून गेलं होतं, असं रतन म्हणाली. कुणी बोललं नाही.

महिपतीचे दिवस होईपर्यंत गंगीच्या घरातून रोज पातेलं गेलं. त्यानंतर नदीवर जाऊन तिने सुषमाचे दिवस केले. नंदाबाई बरोबर होती.

आता मी रोज पेटते. दुपारी कधी नंदाबाई काठी टेकत येते, कारण एकटीने जेवताना तिच्या घशाखाली घास उतरत नाही. दोघी फार बोलत नाहीत. भाकरी होते, तवा उतरतो, आणि माझी ज्योत तशीच राहते. गंगी तिच्यापुढे बसून राहते. बंद करणं तिला अजून जमत नाही; पोरीपुढची चूल आपल्या हाताने विझवल्यासारखं तिला वाटत असावं.

माझं एकच मागणं आहे. उद्या पुन्हा कुठला तरी डोंगर खचेल आणि तुम्ही शेगड्या घेऊन याल. जरूर या. फोटो काढा, तुमचं हसरं चित्र आमच्या पोटावर चिकटवा, माझी तक्रार नाही. फक्त, शेगडी कधी पेटवायची, ते त्या घरातल्या बाईवर सोडा. आणि तोवर कुणाच्या तरी घरातून भाकर येत राहील, एवढं पाहा.

आत्ता भाकरी झाली आहे. तवा खाली उतरला आहे. नंदाबाई थोड्या वेळाने म्हणेल, "गंगे, बंद कर, गॅस जातोय." ती म्हणेपर्यंत मी जळत राहते.