उपाशी इमू

मला इमूची भीती वाटते, हे सासरी आल्यापासून मी कधी लपवलं नाही. माणसाएवढा उंच पक्षी, उडत नाही, नुसता डोळे रोखून बघतो. माझ्या सासूबाई साळूबाई मात्र आमच्या जोडीतल्या नराला गरीब गाय म्हणायच्या आणि खुशाल त्याची मान खाजवायच्या.

तो इतका गरीब का, ते यंदा कळलं. शेवंतीने लवकर कळी धरू नये म्हणून आम्ही रात्री मळ्यात दिवे लावतो, आणि इमूंचं कुंपण मळ्याला लागूनच. हे पक्षी दिवस लहान झाले की माजावर येतात. आमच्या दिव्यांमुळे त्यांचा उन्हाळा कधी संपलाच नाही, मग अंडी कुठून येणार? सटाण्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माझा नवरा सोमनाथ कपाळाला हात लावून बसला. यंदा त्याने त्या बाजूचे दिवे बंद ठेवले. हार्मोन्स बदलले की नर अंड्यांवर बसतो, तेव्हा जवळ जाऊ नका, असंही डॉक्टर म्हणाले होते. मी ते सासूबाईंना सांगितलं. त्या हसल्या.

थंडी पडली. मादीच्या गळ्यातून रिकाम्या पिंपावर थापा माराव्यात तसा आवाज येऊ लागला आणि माझी झोप उडाली. मग नर कोपऱ्यात बसला तो बसलाच. खाणं नाही, पाणी नाही.

त्या संध्याकाळी सोमनाथ फुलं घेऊन मार्केटला गेला होता. मी इमूंच्या फाटकापाशी आले तर सासूबाई आत, हातात परात, परातीत ताकात कुस्करलेली भाकरी. मी त्यांना बाहेर बोलावलं.

"उपाशी हाय गं तो," त्या म्हणाल्या. "आजारी पडलाय."

नर उठला. मानेची पिसं फुगली. त्याच्या लाथेने परात उडाली आणि सासूबाई खाली पडल्या. मी घाबरून पळाले ती थेट दिव्यांच्या बटणाकडे. लख्ख उजेड पडला, पण अंगात भिनलेला हिवाळा बटण दाबून जातो होय? तो सासूबाईंच्या अगदी डोक्याशी उभा होता.

शेवटी शेवंतीच्या आधाराचा एक बांबू उपसला, डोक्यावर उंच धरला आणि आत शिरले. मी ओरडत होते की रडत होते, आठवत नाही. आपल्यापेक्षा उंच काहीतरी बघून तो मागे सरकला आणि पुन्हा कोपऱ्यात बसला. बसताना पोटाखाली गडद हिरवी अंडी दिसली.

मी सासूबाईंना ओढत बाहेर आणलं. मांडीतून रक्त येत होतं, पण त्यांची नजर त्याच्यावरच.

"आजारी नाय," त्या म्हणाल्या. "बाळंतीण हाय ती. आधी दिवे घालव, उजेड सोसायचा नाय."

मी दिवे घालवले. अंधारात तो कुठे बघतोय ते दिसेना, आणि मी सासूबाईंचा हात घट्ट धरला. त्यांनीही माझा सोडला नाही.