बाल्कनीपर्यंत येणारा भोवरा

झिरकपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीचं दार दुपारी वाजतं. टक्, टक्, थोडं थांबून पुन्हा टक्. परीक्षितदादा अगदी असंच वाजवायचा. जेईईचा अभ्यास तो बाल्कनीत करायचा, थंडी आत येते म्हणून आई आतून कडी लावायची, आणि चहाची तल्लफ आली की तो बोटाच्या पेराने दार ठोकायचा. गेल्या वर्षी डेंग्यूने दादा गेला. आई अजून दार उघडते. दर वेळी.

आता बाबांची बदली झाशीला झालीय. आर्मीत बदली म्हणजे काळ्या ट्रंका काढायच्या, त्यांच्यावरचं जुनं गाव खोडून पांढऱ्या रंगाने नवं लिहायचं. आमच्या ट्रंका हॉलमध्ये नुसत्या उघड्या पडून आहेत. आई म्हणते, "तुम्ही दोघं जा. तो आला आणि दार कुणी उघडलंच नाही तर?"

शेवटी बाबांनी मला गाठलं. "ईशू, तुझं ते वारा-प्रकरण तिला दाखव ना."

ते वारा-प्रकरण म्हणजे माझं सायन्स एक्झिबिशनचं प्रोजेक्ट. दहावीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. यंदा गुरलीन मॅमना स्वतःहून सांगितलं, इमारतींभोवतीचा वारा मी कॉम्प्युटरवर करून दाखवणार. आणि केलाही, यार. नुसते बाण काढले तर काही कळत नाही, गवत उगवल्यासारखे बाणच बाण. म्हणून एक आकडा द्यायचा: हवा याच्याहून जोरात गरगरत असेल तिथेच रंग भर. मग समोरच्या टॉवरच्या कोपऱ्यावरून सुटणारे भोवरे दिसतात, निळे, पिळलेल्या ओढणीसारखे. त्यातले काही सरळ आमच्या बाल्कनीवर येतात. दार ओढतात, सोडतात. टक्.

हे सापडलं तेव्हा मी खोलीभर नाचले होते. तेवढ्यात दार वाजलं आणि आई कणकेचे हात तसेच घेऊन धावत गेली. मी नाचायची थांबले.

आज आईला लॅपटॉपसमोर बसवून आकडा, रंग, भोवरे, सगळं दाखवलं. ती स्क्रीनजवळ सरकली.

"वारा असला की हा येतो?"

"वायव्येचा असला तर पक्का."

"मग मला काय नवीन सांगितलंस? वारा नसला की तो येत नाही, हे मला माहीत नाही का? कशातून येतो याच्याशी मला काय करायचंय."

बाबा खिडकीबाहेर बघू लागले. तिथे नवा टॉवर चढतोय. मग मी दुसरी फाइल उघडली, जी कुणालाच दाखवली नव्हती. तिच्यात तो टॉवर पुरा बांधलेला होता. वारा त्याला थडकून वळत होता, भोवरे रस्त्याकडे जात होते. आमची बाल्कनी रिकामी.

"म्हणजे तो यायचा बंद होणार," आई म्हणाली.

"हो. त्या टॉवरचं काम आपल्या मजल्याच्या वर गेलं की."

"आकडा कमी कर."

मी कमी केला. बाल्कनीत काही नाही.

"अजून."

"आई, अजून केला तर सगळंच रंगेल. मग तो भोवरा नसतो, नुसती हवा असते."

"कर."

केला. टॉवर, रस्ता, आकाश, आमची बाल्कनी, सगळं निळं झालं. आईने बाल्कनीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसली.

दार वाजलं. टक्, टक्. टक्.

ती उठली, कडी काढली, आणि आज पहिल्यांदाच बाजूला सरून उभी राहिली, कुणाला तरी वाट द्यावी तशी. गार हवा माझ्या मानेवरून आत गेली. आईने दार लावलं आणि दादाचा पिवळा स्वेटर ट्रंकेत ठेवला.

"तो यायचा थांबेल, ते मला इथे बसून ऐकायचं नाही," ती बाबांना म्हणाली. "ब्रश आणा. झाशी लिहा."

मी कडी लावायला गेले.

"राहू दे, ईशू. आत आलाय."

आकडा मी परत वाढवला नाही.