तबेल्यातली तीन पोरं

"पाटील, उंद्या आंब्याहून साहेब चौकशीला येनार हाय. तुमी पंच हायती. खरं तेवढं बोला, दुसरं कायबी मागत न्हाई."

कडूबाई धनगरीण सकाळी सकाळी अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा सुंदरराव पाटील एका मेंढीचा जबडा फाकून दात बघत बसला होता. हातात मेंढी आली की पाटलाला दुसरं काही ऐकू येत नसे. त्यानं दात बघितले, पाठीवरनं अंगठा फिरवला आणि मग कुठं मान वर केली.

"कशाचं खरं गं, कडे?"

"माज्या आश्रुबाचं."

"तापानं गेलं पोरगं. तसं कागदावर आलंय. मानमोडीत काय कमी माणसं गेली का? तवा कुणी अर्जी केली न्हाई. तुलाच कावून येवढी खाज?"

कडूबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. ह्याच तोंडानं तीन-चार महिन्यांपूर्वी हा माणूस गुळासारखा गोड बोलला होता.

मानमोडीच्या साथीनंतरचं ते दुसरं साल. पाऊस पडलाच नाही. माळावर कुसळ उरलं नव्हतं. हिरवं म्हणावं असं एकच ठिकाण, सरकारी घोड्यांसाठी राखलेला रमणा. कडूबाई आणि तिचा नवरा म्हाळू यांची घरची मेंढरं पंधरा, आणि पाटलाची राखणीला घेतलेली चाळीस. पाटील म्हणाला, "घाला रमण्यात बिनघोर. राखणदार आपलाच हाय." म्हाळू घरची मेंढरं घेऊन घाटाखाली गेला आणि दहा वर्षांचा आश्रुबा पाटलाची चाळीस घेऊन रमण्यात शिरला. तिसऱ्या दिवशी जवानांनी त्याला धरला. मेंढरं कुणाची, असं पाटलाला विचारलं, तर त्यानं कानावर हात ठेवले. म्हाळूची आहेत, असं सांगितलं आणि तसं लिहूनही दिलं. राखणदार आपलाच असल्यामुळं मेंढरं मागच्या वाटेनं परत आली. पोरगं तेवढं आत गेलं.

आत म्हणजे पलटणीच्या जुन्या तबेल्यात. रमण्यात जनावरं घालणारी, कुणाची कणसं खुडणारी पोरं सरकारनं तिथं कोंडली होती. नाव मोठं दिलं होतं, सुधारखाना. आप्पाराव नावाचा दारोगा तिथला धनी. चौदा पोरं होती, त्यातली तीन दोन महिन्यांत मेली. कडूबाईला कळलं ते आठ दिवसांनी, तेही तिथं लाकडं टाकायला गेलेल्या बाईकडून. ती धावत गेली. आप्पारावानं विडा चघळत लिदीच्या उकिरड्यामागं बोट दाखवलं. तिन्ही पोरं एकाच खड्ड्यात घातली होती. वर दगड नाही, काटेरी फांदी नाही. कुत्री येऊन उकरून गेली होती.

तिथनं उठली ती थेट जोगाईच्या आंब्याला गेली, सरकार ज्याला मोमिनाबाद म्हणतं तिथं. तीन वेळा पायी गेली. बाजारातल्या मुनशीकडून उर्दूत अर्जी लिहून घेतली. कचेरीत ती कुणी हातात घेईना, म्हणून दारातच आडवी बसली. येणारे-जाणारे तिला ओलांडून ओलांडून कंटाळले, तेव्हा कुठं अर्जी आत गेली.

घाटाखालनं परत आलेला म्हाळू तिला म्हणाला होता, "आपुन पालावरची माणसं. सरकारासंगं कशापायी भांडायचं?"

"भांडत न्हाई, इचारते. पाटलाचं मेंढरू मेलं तर पाटील आपल्याला इचारतो. काय खाल्लं, कुठं व्हतं, कोन व्हतं जवळ. मग आपलं पोरगं त्या मेंढरापरीस हलकं हाय का?"



दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर साहेब घोड्यावरनं आला. तरणाताठा माणूस, अंगात शेरवानी, हातात अत्तराचा रुमाल. तबेल्याच्या भिंतींना कालच चुना फासला होता, त्याच्या वासानं डोळे चुरचुरत होते. अकरा पोरं ओळीनं उभी केली होती. सगळ्यांच्या अंगात कोरे पांढरे सदरे, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. आवारात आजूबाजूच्या पालांवरची धनगरं जमली होती, एका बाजूला पंच म्हणून पाटील रुमाल बांधून बसला होता.

"काय खाता रे?" आप्पारावानं पोरांना विचारलं.

"भाकर, वरन, बाजारादिशी गूळ!" अकरा तोंडांतून एका चालीत आलं.

"मारतं का कुनी?"

"न्हाई! दारोगासाब बापावानी हाईत!"

आप्पारावाचे डोळे पाणावले. खरंच पाणावले. इतका निर्लज्ज माणूस त्या मुलखात झाला नसेल.

साहेब खूश झाला. "इंतजाम तर चांगला दिसतो. बीमारीपुढं कुणाचं काय चालतं? बाई, तुझी अर्जी काय होती?"

 कडूबाई सरळ ओळीतल्या पहिल्या पोराकडे गेली. त्याची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढली. मग दुसऱ्याची ओढली, तिसऱ्याची ओढली. जवान पुढं झाला, पण साहेबानं हात वर केला.

"हे काय करतेस?"

"बघते, साहेब. मेंढराला चारा मिळतो का न्हाई, ते मेंढरू बोलून सांगत न्हाई. पापनीच्या आत बघावं लागतं. पोट भरत आसंल तर तिथं लाल आसतं. ह्यो बघा. ह्यो बघा. पांढरं फटक. रगतच न्हाई."

"धनगरणीचं ऐकता काय, साहेब?" आप्पाराव हसला. "जनावराची पारख पाटलांइतकी नेकनूरच्या बाजारात कुणाला न्हाई. त्यांनाच इचारा की!"

त्याला वाटलं, पाटील आपला. पाटलालाही तसंच वाटत होतं. तो उठला तो तापाचंच सांगायला उठला. पण साहेबानं विचारलं, "पारखी आहात? मग हात लावून सांगा." आणि भोवती चाळीस-पन्नास धनगरं उभी होती. ह्याच धनगरांपुढं त्यानं आयुष्यभर मेंढरं पारखून दाखवली होती, एकदाही चुकला नव्हता.

त्यानं पोराची पापणी ओढली. सदऱ्यात हात घालून पाठीच्या कण्यावरनं अंगठा फिरवला. बरगड्या चाचपल्या, दातांच्या हिरड्या बघितल्या.  पाटील कुठं उभा आहे ते विसरला. त्याच्या तोंडून बाजारातला आवाज निघाला.

"उपाशी हाय. दीड-दोन म्हैने झाले आसतील. तापाचं काम न्हाई ह्ये. तापानं मांस उतरतं, पर कणा आसा धारंवर येत न्हाई. जात मजबूत हाय, म्हनून टिकलंय. ह्ये कडंचं मातर चार रोज बी काढनार न्हाई."

कडेचं पोरगं ते ऐकत होतं. त्यानं आपलं पोट सदऱ्यावरनं घट्ट धरलं.

कडूबाईला त्या क्षणी पाटलाची आप्पारावापेक्षा जास्त किळस आली. खोटं बोलायला आला होता आणि खरं बोलला, तेही पोराच्या दयेनं नाही, आपली पारख चुकू नये म्हणून.

मग पोरांची तोंडं फुटली. ज्वारी येत होती, ती आप्पारावाच्या घोडीला जात होती. घोडीनं टाकलेलं वेचून खायचं. तेही नसलं की भिंत. साहेबानं छडीनं चुना खरवडला. खाली पोरांच्या उंचीला भिंत जागोजाग चाटून खोल गेलेली होती, मातीत दातांचे ओरखडे होते. साहेबानं रुमाल नाकाला लावला आणि तो बाहेर निघून गेला.

आप्पारावाचा पट्टा काढून घेतला, त्याला ओसरीच्या खांबाशी बसवलं. आता त्याचे डोळे कोरडे होते. पाटलाच्या पाठीवर साहेबानं थाप मारली. "शाबास. सच्चा आदमी. सरकार याद ठेवेल."

"आजून हाय, साहेब," कडूबाई म्हणाली. "पोरगं रमण्यात कुनाच्या मेंढ्या घिऊन गेलतं, त्ये बी लिवा."

"म्हाळूच्या!" पाटील ओरडला. "माझं लिवून दिलेलं हाय तिथं."

तेव्हा इतका वेळ मागं उभा राहिलेला म्हाळू निघाला. राखणीला अजून त्याच्याकडंच असलेली चाळीस मेंढरं त्यानं पलीकडच्या काट्यांच्या कुंपणातनं हाकत आणून आवारात घातली. "साहेब, हीच ती. माजी न्हाईत. माजी पंधरा त्या लिंबाखाली बसलीत. ह्यांचा धनी कोन, ते पाटलाला इचारा."

पाटील कात्रीत सापडला. माझी म्हणावं तर आत जायची पाळी, नाही म्हणावं तर चाळीस जनावरं जायची. कळपातला दांडगा एडका तर गर्दीतनं वाट काढत आला आणि रोजच्यासारखा ज्वारीसाठी पाटलाच्या मुठीत तोंड खुपसायला लागला. धनगरं खदाखदा हसली.

"माझी न्हाईत," पाटील म्हणाला आणि त्यानं एडक्याला लाथ मारली. एडका पुन्हा आला.

साहेबाला सगळं कळलं होतं. पण पाटील गावचा, वसुलीच्या वक्ताला लागणारा. त्यानं मान फिरवून हुकूम सोडला, "बेवारस. सरकारजमा करा." दुपार व्हायच्या आत जवानांनी तो एडका कापला आणि तबेल्यामागंच चूल मांडली. त्या उकिरड्यापासनं वीस पावलांवर. रश्शाचा वास सगळ्या आवारात पसरला. पाटील तिथंच बसून होता, कारण साहेब उठल्याशिवाय त्याला उठता येत नव्हतं. जवानांनी त्यालाही ताट वाढलं. त्यानं ते खाल्लं.

लिंबाखाली म्हाळू घरच्या मेंढ्या पिळत होता. साहेबाच्या हुकमानं सुटलेली पोरं भोवती बसली होती. तो पाणी घालून पातळ केलेलं दूध एकेकाला घोटघोट पाजत होता. "सावकाश. आतडी वाळलीत. एकदम प्यालं तर जीव जाईल."

जेवण उरकल्यावर साहेबाच्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, कागद आणला आणि कडूबाईला वाचून दाखवला. मयत तीन लडके. वजह फाका, म्हणजे उपासमार. दारोगा बडतर्फ, चालान मोमिनाबादेत, म्हणजे खटल्यासाठी रवानगी तिकडं. पाटलाबद्दल कागदात दोनच शब्द होते, गवाह मोतबर, म्हणजे भरवशाचा साक्षीदार.

"लाव अंगठा."

"नावं कुठं हाईत?"

"नावं कशाला? तीन लिहिलंय."

"नावं लिवा."

पेशकारानं साहेबाकडं पाहिलं. साहेब हात धूत होता. पेशकारानं टाक पुन्हा बुडवला. "सांग."

"आश्रुबा म्हाळू."

त्यानं लिहिलं. पोरांनी दुसरं नाव सांगितलं, रामकिसन, केजकडच्या कुंभाराचा. तेही लिहिलं. तिसऱ्याला सगळी पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"बारक्या म्हनायचो," एक जण म्हणाला. "लई बारका व्हता. बोलत नव्हता. आश्रुबाच्या कुशीत निजायचा."

"बापाचं नाव?"

कुणाला माहीत नव्हतं. खांबाजवळ बसलेल्या आप्पारावाला विचारलं. त्यानं खांदे उडवले. चाळीस दिवस कोंडून ठेवलेलं पोर, त्याचं नाव त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

"मग राहू दे," पेशकार म्हणाला.

"ऱ्हाऊ कसं देता? बापाच्या जागी माजं लिवा. बारक्या कडूबाई."

"बाईचं नाव चालत नाही तिथं."

"मंग माजा अंगठा बी चालनार न्हाई."

कागद तसाच राहिला. साहेबाला ऊन उतरायच्या आत निघायचं होतं, आणि तक्रारदाराच्या अंगठ्याशिवाय चौकशी पुरी होत नव्हती. त्यानं दातात अडकलेलं मांस काडीनं काढलं, पलीकडं थुंकला आणि म्हणाला, "लिख दो."

पेशकारानं लिहिलं. कडूबाईनं तिन्ही नावं पहिल्यापासनं त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतली. मग अंगठा पुढं केला.