गोड हवं का?

हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत नांदेडच्या सुदर्शनची प्रॉडक्ट मॅनेजरच्या नोकरीसाठी मुलाखत चालली होती. याआधी दोन ठिकाणांहून तो हात हलवत परतला होता. ही नोकरी त्याला हवीच होती.

समोर सदाशिव पेठेतल्या नीरजा मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, "जेवण मागवायच्या आमच्या ॲपवर शेवटी प्रश्न येतो, 'गोड हवं का?' पुण्यात निम्मे लोक 'हो' म्हणतात. नांदेडकडे जवळजवळ सगळेच 'नको' म्हणतात. असं का?"

गोड आवडत नाही म्हणावं, तर सुदर्शन स्वतः जिलब्यांचं ताट फस्त करणारा.

तेवढ्यात चहा आला.

"घेणार?" मॅडमनी विचारलं.

"नको, मॅडम."

मॅडमनी शांतपणे दोन्ही कप स्वतःकडे ओढले. सुदर्शन त्या कपांकडे बघतच राहिला आणि एकदम हसला.

"मॅडम, सापडलं! मला चहा हवा होता."

"मग नको कशाला म्हणालात?"

"आमच्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणतात. लगेच हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतो. तुमचं ॲप एकदाच विचारतं आणि निघून जातं. त्याला थोडा आग्रह शिकवा."

"पुण्यात आग्रह केला तर लोक ॲपच काढून टाकतील."

"म्हणून पुण्यात एकदाच विचारायचं."

मॅडमनी एक कप त्याच्यापुढे सरकवला.

"सोमवारपासून येणार? आणि हे मी पुण्याच्या पद्धतीनं विचारतेय."

"हो!" सुदर्शन इतक्या घाईनं म्हणाला, की चहा बशीत सांडला.